चौथा पिंजरा

"तीन पिंजरे दुखायला हवेत," मी इरफानला म्हटलं. "इथं चार दुखतायत."

"पिंजऱ्याला कसलं दुखणं?" तो हात न थांबवता म्हणाला. "उंदरांना दुखतंय म्हण की. मॅडमपुढं असं बोललीस तर पीएचडी राहील बाजूला, आधी मराठी शिकायला धाडतील तुला."

मला हसू आलं नाही. जाळीवर ठेवलेल्या उंदराच्या मागच्या पायाला मी खालून पुन्हा नायलॉनचा केस टेकवला. केसच तो. माणसाच्या तळव्याला लावला तर कळायचंसुद्धा नाही, इतका बारीक. धडधाकट उंदीर त्याची दखलच घेत नाही, मिशा हलवत बसून राहतो. या उंदरानं पाय झटकला, पोटाशी घेतला आणि चाटायला लागला. त्याच्या शेजारच्यानं तेच केलं, त्याच्या शेजारच्यानंही तेच. लाल पट्टीचा पिंजरा झाला, निळ्या पट्टीचा झाला, काळ्याचा झाला, आणि आता हा पिवळ्याचा. हिरवा आणि पांढरा तेवढे शांत होते.

"सूज?" इरफाननं विचारलं. आता त्याचा आवाज बदलला होता.

"कुठंच नाही. पाय बघ, सगळ्यांचे सारखेच आहेत."

तो जवळ आला, वाकून बघितलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "म्हणजे आपल्यातलं कोणतरी."

मी मुळातच भित्री. पाल दिसली तरी खोली सोडणाऱ्यांतली. पण त्या दुपारची भीती वेगळ्या जातीची होती. आज इतक्या वर्षांनीही तिची आठवण झाली की माझी बोटं आपोआप मिटतात.

इरफान असं का म्हणाला ते सांगते. मिरजेतल्या एका मोठ्या इस्पितळाच्या मागच्या इमारतीत आमची प्रयोगशाळा होती. माणसं तीन. डॉक्टर पाटणकर मॅडम, इरफान मुजावर आणि मी. संधिवाताच्या काही रुग्णांचे सांधे सुजण्याच्या कितीतरी आधीपासून दुखतात. एक्स-रे साफ, सूज नाही, लाली नाही, तरी माणूस दुखतंय म्हणून कळवळत असतो. हे दुखणं येतं कुठून, हा आमचा प्रश्न. मॅडमचं म्हणणं होतं की ते रक्तातूनच येतं. रोगाशी लढणाऱ्या अँटिबॉडी उलटून आपल्याच सांध्यांवर जातात आणि सूज यायच्या आधीच नसांना डिवचतात. हे खरं की खोटं बघायचं तर रुग्णांच्या रक्तातून अँटिबॉडी वेगळ्या काढायच्या, उंदरांना टोचायच्या आणि उंदरांना दुखतं का ते बघायचं. तीन रुग्णांच्या तीन पिंजऱ्यांत. आणि तुलना करायला तीन निरोगी माणसांच्या तीन पिंजऱ्यांत.

जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत जा, निरोगी माणूस हवा असला की लोक शेजारच्या टेबलाकडे बघतात. आम्हीही तेच केलं. मॅडमनी बाही वर केली, इरफाननं केली, मी केली. मी म्हटलंही होतं, "मॅडम, माझ्या आईला हाच आजार आहे. माझं रक्त चालेल का?" तर त्या म्हणाल्या, "तू तर हवीसच. घरात आजार असून धडधाकट असलेलं एक माणूस पाहिजेच मला." कुणी कुणाला तपासलं नाही. कुणाला काही दुखतं का, एवढंच विचारलं, आणि तिघांनीही नाही म्हणून सांगितलं.

कुठल्या रंगाची पट्टी कुणाच्या रक्ताची हे फक्त मॅडमना ठाऊक. इरफान टोचायचा, पण काय टोचतोय ते त्याला माहीत नसायचं. मी केस टेकवायचे, पण कुणाचं दुखणं बघतेय ते मला माहीत नसायचं. डोळे बांधून काम केलं की मन लबाडी करत नाही, म्हणून ही पद्धत.

"कुपी बदलली असेल," मी म्हटलं. "तू टोचताना गडबड केली असशील."

"मी?" इरफान दुखावला. "एकेक रंग वेगळ्या दिवशी टोचलाय मी. बदलणार कशी?"

"मग मॅडमकडून झाली असेल."

"जा, जाऊन सांग त्यांना तसं," तो म्हणाला. "मी इथूनच तुझ्यासाठी दुवा मागतो."

पाटणकर मॅडम म्हणजे आमच्या भागातल्या सांधेदुखीच्या मोठ्या डॉक्टर. पन्नाशी ओलांडलेली, पण चाल अशी की बरोबर चालताना मला धाप लागायची. सकाळी ओपीडी, दुपारी आम्ही. रुग्णाचा हात हातात घेऊन त्या एकेक सांधा दाबत जायच्या तेव्हा शिकाऊ डॉक्टर मान उंच करकरून बघायचे. मी आत गेले तेव्हा त्या काहीतरी लिहीत होत्या.

"चार," मी म्हटलं.

"काय चार?"

"चार पिंजऱ्यांत दुखतंय. सूज कुठंच नाही."

"रंग सांग."

"लाल, निळा, काळा, पिवळा."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. मग काढलं. पुन्हा लावलं. त्यांनी डोळे वर केले ते माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या हातांकडे. चांगला वेळ बघत राहिल्या. मी हात टेबलाखाली घेतले.

"कुणाचं आहे, मॅडम?"

"प्रयोग संपेपर्यंत रंगांचा कोड उघडायचा नाही. तुला माहीत आहे."

"पण तुम्हाला तर आत्ता कळलं असेल ना?"

"चूकही असू शकते," त्या म्हणाल्या. त्यांचा एरवीचा खणखणीत आवाज कुठं गेला होता कोण जाणे. "परत करू. नव्यानं रक्त घेऊ, नवे उंदीर आणू. पट्ट्यांचे रंग मी बदलीन. आता जा, शलाका. आणि आज लवकर घरी जा."

सहा वर्षांत मॅडमनी मला कधी लवकर घरी जायला सांगितलं नव्हतं. माझे हात बघितले, आवाज मऊ केला, लवकर घरी जा म्हणाल्या. आणखी काय सांगायचं राहिलं होतं?

घरी आई खिडकीशी खुर्चीत बसलेली. माझी आई एके काळी मिरजेत टायपिंगच्या क्लासात शिकवायची. मशीनकडे न बघता तिची बोटं अशी पळायची की पोरी टाइप करायचं सोडून तिच्याकडे बघत बसायच्या. मी शाळेत असताना ती बोटं दुखायला लागली. सूज नव्हती. डॉक्टर म्हणाले, काही नाही, अशक्तपणा आहे. आजी म्हणाली, काम नको म्हणून सोंग आहे. बाबा काहीच म्हणाले नाहीत आणि आईला सगळ्यांत जास्त तेच लागलं. दोन वर्षांनी सांधे सुजले तेव्हा सगळ्यांचा विश्वास बसला, पण तोवर उशीर झाला होता. आता तिच्या दोन्ही हातांची बोटं करंगळीच्या बाजूला कललेली होती, वाऱ्यानं आडव्या झालेल्या ज्वारीसारखी. मी या विषयात आले ती त्या दोन वर्षांसाठी. आईला दुखत होतं, हे मला कुणालातरी दाखवून द्यायचं होतं.

आणि आता उंदीर मला दाखवून देत होते की पुढची पाळी माझी आहे.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी डोळे उघडायच्या आधी मी मूठ वळून बघायला लागले. वळतेय का? आखडलीय का? पहिल्या दिवशी काही वाटलं नाही. मग उजव्या हाताचं मधलं बोट जरा जड वाटलं. त्यानंतर दोन्ही हातांची बोटं दुखायला लागली. खरंखुरं दुखणं, सांध्याच्या आत कुणी खडा ठेवावा तसं. डबा उघडताना दुखायचं, केस विंचरताना दुखायचं.

"हात कशाला चोळायलीस गं?" आईनं एकदा विचारलं.

"थंडी आहे."

"थंडीत माझे चोळायचे सोडून तुझे काय चोळतीस?" ती हसून म्हणाली आणि तिनं आपले हात पुढं केले. मी ते हातात घेतले. गाठी गाठी झालेले सांधे माझ्या तळव्याला लागले. मी माझेच हात धरून बसले होते, असं वाटलं.

नव्यानं रक्त घ्यायचा दिवस आला. रक्त इरफान घ्यायचा, त्याचा हात हलका. आधी माझं घेतलं. मग मॅडम खुर्चीत बसल्या, बाही वर केली आणि मधेच मला म्हणाल्या, "तुझ्या आईला पहिल्यांदा कुठं दुखलं गं?"

"उजव्या हाताची बोटं," मी म्हटलं.

"एकदम?"

"नाही. आधी आठवड्यातून एखादा दिवस. मग रोज सकाळी. मग दिवसभर."

मॅडमनी मान हलवली. इरफाननं सुई काढली तरी त्या हात तसाच पुढं धरून बसल्या होत्या. त्यालाच सांगावं लागलं, "झालं, मॅडम."

त्यानंतर हे रोजचंच झालं. मी मायक्रोस्कोपवर असले की मागून आवाज यायचा. "त्यांनी नोकरी केव्हा सोडली?" "रात्री झोप लागायची का?" "स्वतःची वेणी घालायच्या का, की तू?" एकदा जिन्यात थांबवून विचारलं, "आई रडायच्या का?"

"पहिल्यांदा रडायची. आता नाही."

"आता का नाही?"

मी दोन पायऱ्या खाली सरकले. मॅडम माझ्याकडे रोखून बघत होत्या. माझ्यापुढं काय वाढून ठेवलंय याची त्या हळूहळू तयारी करून घेतायत, दुसरं काय! मरणाची बातमी सांगायच्या आधी डॉक्टर अशीच इकडची तिकडची चौकशी करतात, हे मी इस्पितळात कितीदा बघितलं होतं.

"तुझा जीव जाईल अशानं," इरफान म्हणाला. "बाजारपेठेत या अँटिबॉडींची टेस्ट होतीय की. रक्त दे, संध्याकाळी रिपोर्ट घे. हाय की नाय ते कळतंय. मी करून आलो."

"तू?"

"मग काय! घरात लहान लेक आहे माझी. मला जाणून घ्यायचं होतं." त्यानं खिशातून कागद काढून माझ्यापुढं नाचवला. "साफ! बायकोनं जिलेबी आणली काल."

मी त्याचं अभिनंदन केलं. तिघांतला एक सुटला होता.

"तू नाहीतर मॅडम," इरफान माझ्याकडे बघून घाईनं म्हणाला. "तूच असं कुठं आहे?"

"मॅडमचं असतं तर मॅडमनी त्याच दिवशी टेबलावर हात आपटून सांगितलं असतं. तू ओळखतोस ना त्यांना?"

त्यानं कागद घडी करून खिशात घातला. त्यालाही ते पटलं होतं.

मी टेस्टला गेले. बाजारपेठेतल्या त्या पॅथॉलॉजीच्या बाकावर बसले, नाव सांगितलं. मुलीनं माझ्या दंडाला रबर बांधलं, शीर फुगली, तिनं स्पिरिटचा बोळा फिरवला आणि मी एकदम म्हटलं, "राहू दे."

"का हो मॅडम? आता तर झालंच."

"राहू दे म्हटलं ना!"

रबर मीच ओढून सोडवलं आणि रस्त्यावर आले. एकदा कळलं की मग न कळलेलं करता येत नाही. अजून माझ्याकडे थोडं तरी "नसेलही" शिल्लक होतं, तेवढं तरी मला सोडायचं नव्हतं. स्वतः संशोधक म्हणवून घेणारी बाई एका छोट्या सुईपुढून पळून गेली, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. भीती काय असते ते त्या बाकावर बसल्याशिवाय कळत नाही.

दुसऱ्या फेरीचे उंदीर तयार झाले. या वेळी रंग वेगळे होते, पिंजरे तेवढेच. मी केस टेकवत गेले, इरफान शेजारी उभा. पहिल्या पिंजऱ्यातल्यांनी पाय झटकले, दुसरा शांत. तिसऱ्यातल्यांनी झटकले, चौथ्यातल्यांनीही. पाचवा शांत. सहाव्या पिंजऱ्याशी मी आले तेव्हा इरफाननं माझं मनगट धरलं. "मी लावू का?"

"नको. मीच लावते."

उंदरानं पाय झटकला.

मी मॅडमकडे गेले. "पुन्हा चार," एवढंच म्हटलं. मॅडमना आश्चर्य वाटलं नाही, राग आला नाही. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाल्या, "उद्या रविवार. तुझी आई घरी असेल ना?"

"असते."

"मी येते सकाळी. मला भेटायचंय त्यांना."

घरी आले ती तशीच. आईला म्हटलं, "उद्या मॅडम येणारायत."

"कशाला?"

"सहज."

"डॉक्टर सहज येत नाहीत कुणाच्या घरी," आई म्हणाली, पण पुढं काही विचारलं नाही.

रविवारी सकाळी मी पोह्यांसाठी कांदा चिरत होते. चिरता चिरता बोट दुखलं आणि सुरी हातातून सुटली. आई दारात उभी होती. तिनं सगळं बघितलं होतं, कदाचित कितीतरी दिवस बघत होती.

"शलाका, तुला काय होतंय? खरं सांग."

मला राहवलं नाही. "आई, बहुतेक मलाही आहे गं," मी म्हटलं. "आमच्यातल्या एकाच्या रक्तात निघालंय. इरफानचं नाही. मॅडम तेच सांगायला येतायत."

आई ओरडली नाही, रडली नाही. ओट्याला पाठ लावून हळूच खाली फरशीवर बसली. खाली बसलं की तिला आपलं आपण उठता येत नाही, म्हणून ती कधीच खाली बसायची नाही. वाकडे हात मांडीवर ठेवून ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"माझ्याकडनंच आलं का गं तुला?" ती म्हणाली. "हे एवढं देऊ नको, बाकी काय ते दे, असं म्हणत होते मी देवाला. तू पोटात असताना तर मला काही नव्हतं बघ. तेव्हा काहीच नव्हतं."

मी तिच्याशेजारी बसले. तिला काय सांगणार होते? ज्या आजाराचं कारण शोधायला मी आयुष्याची सहा वर्षं घातली होती, ते कारण तिच्यापुढं बसून मला उच्चारता येत नव्हतं. तेवढ्यात बेल वाजली.

मी आईला काखेत धरून उठवलं. तिनं पदर नीट केला, बाहेर गेली आणि मॅडम चपला काढताहेत तोवरच म्हणाली, "मॅडम, आधी काय ते सांगून टाका. चहा मग करते."

मॅडम दारातच थबकल्या. "तुम्हाला कसं कळलं?"

"हिनं सांगितलं आत्ता."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा उतरलेला होता, डोळ्यांखाली काळं. "तुला कळलं होतं? केव्हा?"

"पहिल्याच दिवशी," मी म्हटलं. "तुम्ही माझे हात बघितलेत तेव्हा."

"मग बोलली का नाहीस?"

"मी काय बोलणार? तुम्हीच म्हणालात, कोड उघडायचा नाही."

मॅडम आत आल्या, खुर्चीत बसल्या. आईसमोर. पर्स मांडीवर घट्ट धरलेली. "माझंच चुकलं," त्या आईला म्हणाल्या. "त्याच दिवशी बोलायला हवं होतं. लोकांना मी रोज सांगते हो, समोर बसवून, पाण्याचा पेला देऊन, सगळं नीट समजावून सांगते. पण स्वतःचं सांगायचं म्हटल्यावर तोंडच उघडेना. चौथा पिंजरा माझा आहे, ताई."

मी स्वयंपाकघराच्या दारात पोह्यांच्या बशा घेऊन उभी होते. ताटातल्या बशा एकमेकींवर वाजायला लागल्या. मला आनंद झाला. त्याला दुसरा शब्द नाही. इतका आनंद, की हातातलं ताट मी तिथंच खाली टेकवलं. आईनं तोंडावर पदर घेतला, तिचे खांदे हलत होते.

मॅडम आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघत होत्या. मग त्यांना कळलं.

"शलाका, तुला तुझं वाटलं?"

मी मान हलवली.

"इतके दिवस? अगं, मग मी तुला... अरे देवा!" त्यांनी कपाळावर हात मारला. "मला सुचलंच नाही. शप्पथ सांगते, सुचलंच नाही. मला माझ्यापलीकडं काही दिसतच नव्हतं."

"मग माझे हात का बघत होतात?"

"किती सरळ आहेत, ते बघत होते," मॅडम म्हणाल्या.

मग आईनं डोळे पुसले आणि मला वाटलं होतं तशी ती देवापुढं साखर ठेवायला उठली नाही. ती खुर्ची ओढत मॅडमच्या जवळ सरकली.

"कुठं दुखतंय?"

"मनगट. डावं. वर्ष होत आलं असेल. रक्त देताना इरफाननं विचारलं, काही दुखतं का, तर मी नाही म्हणाले. खोटं नाही बोलले हो. मला वाटलं वय झालं, गाडी जास्त चालवली, पिशवी जड होती. सूज नव्हती ना." त्या थांबल्या आणि कसंनुसं हसल्या. "सूज नसतानाही खरं दुखतं, हे जगाला पटवून द्यायला निघालेली मी. माझं मलाच पटलं नाही."

आईनं आपला वाकडा तळवा मॅडमच्या मनगटाखाली नुसता ठेवला. धरता तर तिला येत नव्हतंच. "आता दुखतंय?"

"हो."

"किती? दहापैकी किती म्हणायचं असतं ना तुमच्यात?"

मॅडमनी आकडा सांगायला तोंड उघडलं. "सांगता येत नाही हो," त्या म्हणाल्या.

"येतच नाही," आई म्हणाली. "मी आपलं दरवेळी सहा म्हणायची. डॉक्टरांना बरं वाटतं सहा म्हटलं की. फार नाही, कमी नाही."

मॅडम हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. एवढी मोठी बाई, आमच्या दोन खोल्यांच्या घरात, आईच्या तळव्यावर हात ठेवून लहान मुलीसारखी रडत होती आणि आई तिला गप्प करत नव्हती.

"आता तर औषधं चांगली निघालीत म्हणे," आई जरा वेळानं म्हणाली. "हीच सांगत असते. लवकर धरलं तर हात वाचतात."

"वाचतात. मीच देते लोकांना." मॅडमनी पर्स उघडली आणि गोळ्यांचं पाकीट काढून मांडीवर ठेवलं. "पुण्याच्या माझ्या मित्रानं लिहून दिल्यात. कधीपासून बरोबर घेऊन फिरतेय. एकही घेतलेली नाही."

"का?"

"एक घेतली की मग मला आहेच ते."

मला बाजारपेठेतला तो बाक आठवला, दंडाला बांधलेलं रबर आठवलं. मॅडमकडे बघायची मला हिंमत होईना.

"मला फार भीती वाटते, ताई," मॅडम म्हणाल्या. "हात हातात धरून मी किती जणांना म्हटलं असेल, घाबरू नका. मला काहीच ठाऊक नव्हतं."

आईनं ते पाकीट उचलायचा प्रयत्न केला. बोटांतून ते दोनदा निसटलं. शेवटी तिनं दोन्ही तळव्यांत धरून ते मॅडमपुढं केलं.

"माझ्यानं हे फुटत नाही," ती म्हणाली. "रोज शलाका फोडून देते आणि तेव्हा मी घेते. तुम्ही फोडून बघा."

मॅडमनी पाकीट घेतलं. अंगठा टेकवला. दाबलं. चट्ट आवाज झाला आणि पिवळी बारीक गोळी त्यांच्या तळहातावर पडली.

"तुमच्या हातानं अजून फुटतंय," आई म्हणाली. "मग घ्या ना आत्ताच."

मी पाण्याचा पेला पुढं केला. मॅडमनी तो माझ्या हातातून घेतला, एकदा आईकडे बघितलं, आणि डोळे मिटून गोळी गिळली.